दोन ठकीअक्का

वकील म्हटलं की लोकांना खून हवा असतो. लग्नाच्या मांडवात शेजारच्या खुर्चीवरची बाई डोळे मोठे करून विचारते, "तुम्ही वकील? मग काय काय बघितलं असेल हो तुम्ही." मी आयुष्यात एकही खून चालवलेला नाही. घटस्फोट नाही, जमिनीची वाटणी नाही. मी नावं चालवते. एवढं ऐकलं की ती बाई पान मांडलंय का ते बघायला उठते.

तेव्हा "कोर्टातले थरारक अनुभव" मागणाऱ्या संपादकांची मी आधीच माफी मागते. माझ्या धंद्यात रक्त नाही. पण हादरायचं म्हणाल, तर चाकूसुऱ्या बघितलेल्या माझ्या वर्गमैत्रिणी हादरल्या नसतील इतकी मी एका लाकडी बाहुलीपायी हादरले, आणि अजून पुरती सावरलेली नाही.

आम्ही म्हैसूरचे मराठे. पूर्वज इथल्या घोडदळात होते. घोडी गेली, तलवारी गेल्या, मोठ्यानं बोलायची खोड तेवढी मागे राहिली. माझा आवाज तर असा की लष्कर मोहल्ल्यात आई मला हाक मारायची नाही, मीच तिला मारायचे, आणि चार घरच्या आया बाहेर यायच्या. हा आवाज वकिलीत कामी येईल असं वडिलांना वाटलं. कुठला यायला. ट्रेडमार्कच्या कामात ओरडावं असं समोर कुणी नसतंच, सगळं कागदावर.

सुरुवातीची वर्षं अगरबत्तीवाल्यांत गेली. आमच्या गावात अगरबत्तीला तोटा नाही आणि अगरबत्तीवाल्यांत संशयाला तोटा नाही. प्रत्येकाला वाटतं, शेजारच्यानं आपल्या पुड्यावरचा मोर चोरला. माझ्या टेबलावर दोन पुडे ठेवून मोठमोठी माणसं मोराच्या पिसाऱ्यावरून हमरीतुमरीवर आलेली मी बघितली आहेत. संध्याकाळी मी घरी शिरले की नवरा आतूनच सांगायचा, आज चंदनवाले आले होते की मोगरावाले.

मग इंटरनेट आलं आणि भांडायला नवं मैदान मिळालं. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रेडमार्क म्हणजे मालावरचं नाव. त्याला कप्पे असतात. एकाच नावाची अगरबत्ती असू शकते, सायकल असू शकते आणि लोणचंही. तिघं सुखानं नांदतात, कारण लोणचं आणायला गेलेला माणूस सायकल घेऊन परत येत नाही. इंटरनेटवरच्या पत्त्याला, ज्याला डोमेन म्हणतात, असे कप्पे नाहीत. एक नाव, एकच दार. जो आधी गेला आणि वेळच्या वेळी भाडं भरत राहिला, दार त्याचं.

आता आधी गेले कोण? कंपन्या तेव्हा झोपल्या होत्या. आधी गेले ते हौशी लोक. कुणाला कबुतरांचं वेड, कुणाला जुन्या कुलपांचं. त्यांनी आपल्या आवडीचं एखादं गोड नाव घेतलं आणि रोज थोडं थोडं त्यात भरत बसले. पुढे कंपनीला जाग आली, तिनं मालाला तेच नाव दिलं, आणि दार ठोठावलं तर आत बनियनवर बसलेला कुणीतरी कबुतरांना दाणे टाकतोय. कंपनीचे वकील मग तक्रार करतात. ती ऐकायला लवाद नेमतात. तो कुठल्या शहरात बसतो, काळा की गोरा, आपल्याला दिसत नाही. सगळा कारभार ईमेलवर. कंपनीनं तीन गोष्टी दाखवायच्या. पत्ता आमच्या नावासारखाच आहे. या माणसाचा त्या नावावर रास्त हक्क नाही. आणि याच्या मनात खोट आहे. पहिली गोष्ट सोपी. दुसरीत हौशी माणूस बहुधा तरतो. तिसरीत बुडतो, कारण मनात खोट नसलेला माणूस फार बोलतो.

नंजनगूडचा एक जण कारखान्यातली पाळी संपवून, आगगाडीनं माझ्याकडे यायचा. त्याला शाईच्या पेनांच्या निबांचं वेड. एका पेन कंपनीनं त्याचं दार मागितलं, तर यानं मला न विचारता कंपनीला लांबलचक उत्तर धाडलं: तुमची निब डावीकडे का खरडते, याची आकृतीसह चिकित्सा. मी कपाळाला हात लावला. पण लवादाला ती चिकित्सा पटली असावी. इतकं निबप्रेम असलेल्या माणसाच्या मनात दुसरं काही मावणार नाही, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं आणि आम्ही जिंकलो.

बेळगोळचा दुसरा मात्र बुडाला. तो जुन्या बसची चित्रं जमवायचा. एका प्रवासी कंपनीच्या माणसानं फोनवर गोड आवाजात विचारलं, "विकणार का नाव?" हा हसून म्हणाला, "तुमची एक बस द्या, नाव घ्या." थट्टाच ती. तक्रारीत ती थट्टा छापून आली: या इसमानं नाव दाबून ठेवून त्याबदली संपूर्ण बसची मागणी केली. मी लवादाला परोपरीनं कळवलं की आमच्या भागात माणसं अशी बोलतात. लवादाला विनोद कळला नाही. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक हौशाला मी पहिल्या दिवशी बजावते: कंपनीचा फोन घ्यायचा नाही, मेलला उत्तर नाही, थट्टा तर मुळीच नाही. जे बोलायचं ते मी.

नागोजीमामांनाही मी हेच बजावलं होतं.

मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. घराणं रंगाऱ्यांचं, एके काळी कापड रंगवून छापणारं. मामांची सगळी नोकरी छापखान्यात गेली, पण घरात लाकडी ठशांची पेटी होती आणि हाताला छपाईची खाज होती. त्यांची बायको, जिला सगळे मामी म्हणायचे, लग्नात माहेराहून बाहुल्या घेऊन आली. आमच्याकडे नवरात्रात घरोघर पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, गोंबे हब्बा म्हणजे बाहुल्यांचा सण. नवी नवरी माहेरून लाकडी राजा-राणीची जोडी आणते. मामीनं जोडी आणलीच, वर लहानपणी खेळलेली एक लाकडी ठकीही आणली. नाक झिजलेली, एक हात किंचित आखूड. ठकीला इथल्या रीतीनं अक्का लावलं, थोरली बहीण. ठकीअक्का. राजा-राणीच्या शेजारी सगळ्यांत वरच्या पायरीवर तिची जागा. नियमात बसत नाही, पण मामीपुढे नियम कोण काढणार. मामा दर नवरात्राला तिच्यासाठी वीतभर साडी छापायचे, घराण्याच्या ठशांनी.

निवृत्त झाल्यावर मामीच्या आग्रहानं मामा कॉम्प्युटर शिकले आणि तिच्या लाडकीच्या नावानं पत्ता घेतला. त्यावर ठकीअक्काच्या साड्या, पायऱ्यांचे फोटो, गावोगावच्या लोकांनी पाठवलेल्या त्यांच्या घरच्या बाहुल्या. विकणं नाही, जाहिरात नाही. मामी वारली. मामा रोज सकाळी अंघोळ झाली की देवाला फूल वाहायचे आणि मग कॉम्प्युटर लावून तो पत्ता उघडायचे. पहिल्याच पानावर मामीच्या मांडीवर बसलेली ठकीअक्का. "दार उघडलं की दोघी असतात अम्मा," ते मला म्हणाले होते.

मग बंगळुरूच्या एका खेळण्यांच्या कंपनीचा मेल आला. तिनं लाकडी बाहुल्या बाजारात आणल्या होत्या, नाव ठकीअक्का. नाव नोंदवलेलंही होतं. मेलमध्ये लिहिलं होतं, हा शब्द कुठल्याही भाषेत नाही, आम्ही घडवलेला आहे, तरी आपण आमचा पत्ता सोडावा. मी वाचतच राहिले. मराठी ठकीला कानडी अक्का लावणारी माणसं जगाच्या पाठीवर किती असतील? कंपनीनं ते नाव कुठून उचललं, हे कळायला वकील व्हायला नको. आपल्याच घरातलं भांडं शेजाऱ्यानं न्यावं आणि वर आपल्यालाच चोर म्हणावं, तशी माझी अवस्था झाली.

पण बाजू आमची भक्कम होती. पत्ता कंपनी जन्मायच्या आधीचा. मी मामांना माझे नियम ऐकवले. मामा मान डोलवत म्हणाले, "अष्टे ना? एवढंच ना? कंपनीशी बोलत नाही बघा." आणि मामांनी शब्द पाळला. फोन वाजला तरी घेतला नाही. मेल आला की न उघडता मला पाठवला. इतका शहाणा अशील मला कधी मिळाला नव्हता.

दसरा झाला आणि तक्रार आली. मी ऑफिसात चहा पीत ती चाळत होते. पुराव्याच्या पानावर आले आणि कप तसाच हातात राहिला. मामांच्याच पत्त्यावरचं पान होतं. मामांच्याच पायऱ्या. सगळ्यांत वर राजा, राणी, ठकीअक्का, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून कंपनीची नवी कोरी बाहुली. खाली मामांनी लिहिलेलं: दोन ठकीअक्का. त्याखाली, नवी बाहुली कुठे मिळते त्या दुकानाचा दुवा. तक्रारीत म्हटलं होतं, हा नाव बळकावून बसलेला इसम आमच्याच मालाचं चित्र लावून गिऱ्हाइकांची दिशाभूल करतो. मला आधी वाटलं, चित्र खोटं आहे. मामांचा पत्ता उघडला. चित्र तिथेच होतं.

मी रिक्षा केली आणि मामांच्या घरी गेले. मामा अंगणात ठसे धूत बसले होते.

"मामा, हा फोटो कुणी टाकला?"

"मीच की. का, चांगला आला नाही?"

"ही दुसरी बाहुली कुठनं आली?"

"पाहुणीनं आणली." मामांनी हात पुसले. "हब्बाच्या दिवसांत आली होती. बंगळुरूची पोरगी, सुती साडी, काय गोड बोलली वकीलम्मा. प्रसादाची उसळी दोनदा मागून खाल्ली. ठकीअक्काला बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग पिशवीतनं ही काढली, म्हणाली, तात, हिचं नाव पण ठकीअक्का, दोघींना शेजारी बसवा."

"आणि तुम्ही बसवली."

"हब्बात आलेली बाहुली बसवायला नको? बेडा, नको म्हणू दारातल्या पाहुणीला?"

"आणि ते दुकानाचं लिहिलेलं?"

"ती म्हणाली, लोक विचारतील कुठली म्हणून, लिहून टाका. आपली रीतच आहे ती. कुणी दिली, कुठनं आली, विचारणाऱ्याला सांगायला लागतं. नाहीतर देणाऱ्याचा मान काय राहिला?"

मी अंगणाच्या पायरीवर बसले. रीत मलाही ठाऊक होती. माझ्या आईनंही जन्मभर तेच केलं: आलेली बाहुली बसवायची, देणारीचं नाव-गाव घ्यायचं, तिच्या हातावर हळदकुंकू आणि विड्याची पानं ठेवायची. ती रीत कुणीतरी शांतपणे अभ्यासली होती. कंपनीकडे मामांच्या मनातल्या खोटेपणाचा एवढासाही पुरावा नव्हता, म्हणून तो पुरावा पिशवीत घालून घरी आणला होता आणि मामांच्या हातून मांडून घेतला होता.

"मामा," मी म्हटलं, "मी सांगितलं होतं ना, कंपनीशी बोलू नका म्हणून?"

"कंपनीशी कुठं बोललो? पाहुणीशी बोललो."

फोन, मेल, थट्टा, सगळ्याला मी कुलूप लावलं होतं. पाहुण्यांसाठी दार बंद ठेवा असं नवरात्रात कुणाला सांगायचं? आणि सांगितलं असतं तर ऐकणारा माणूस म्हैसूरचा कसला?

मी लढले. जुन्या नवरात्रांची चित्रं लावली. त्या प्रत्येकात कुणी ना कुणी दिलेली बाहुली, खाली देणाऱ्याचं नाव आणि गाव. गोंबे हब्बा म्हणजे काय, आलेल्या बाहुलीला नाही का म्हणत नाहीत, हे मी शाळेतल्या मुलाला समजवावं तसं लिहिलं. ती पाहुणी कोण, असा सरळ सवाल टाकला. कंपनीनं उत्तर दिलं, आमच्या प्रतिनिधीनं स्थळाची पाहणी केली. स्थळ म्हणजे मामांचा दिवाणखाना. पाहणी म्हणजे दोनदा उसळी.

लवादाचा निवाडा आला. अशी काही प्रथा असेलही, त्यानं लिहिलं होतं, परंतु आज ते पान उघडणाऱ्याला तक्रारदाराचा माल आणि त्याच्या दुकानाचा दुवा दिसतो. सबब दिशाभूल आहे, पत्ता तक्रारदारास द्यावा. कायद्यानं तो चुकला असं माझं मत आहे आणि ते मी मरेपर्यंत बदलणार नाही. पण खरा धक्का निवाड्याचा नव्हता. एका माणसाचा भलेपणा जसाच्या तसा उचलून त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून लावता येतो, आणि तो टिकतो, याचा होता. इतकी वर्षं मी चोरलेले मोर बघत आले. हे कधी बघितलं नव्हतं.

कोर्टात जाता आलं असतं. मी फुकट लढायला तयार होते, तसं म्हटलंही. मामांनी हात जोडले. "त्या पोरीला साक्षीला ओढतील ना? आपल्या घरी हळदकुंकू घेऊन गेलेली ती. बेडा अम्मा. परवागिल्ला, जाऊ दे." मी चिडले, नको ते बोलले, मामांनी कॉफी आणून दिली.

पुढे एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज अगदी साधा होता. "वकीलम्मा, आत्ता दार उघडलं. आत दुसरीच बसली आहे." मी माझ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलं. मामीचा फोटो होता तिथे कंपनीची बाहुली, आणि खाली बटण, थैलीत टाका. मी त्या दिवशी ऑफिस बंद करून घरी गेले. फोटो मामांच्या कॉम्प्युटरवर सगळे होते, नव्या पत्त्यावर चढवता आले असते. मी तसं सुचवलं तर मामा म्हणाले, "दुसरं नाव कुठलं देऊ?"

यंदाच्या नवरात्रात मी त्यांच्याकडे जायचं टाळत होते. अष्टमीला नवऱ्यानं जवळजवळ ढकलूनच पाठवलं. दिवाणखाना नेहमीसारखा भरलेला, गल्लीतल्या सात-आठ बायका, उदबत्तीचा वास, पायऱ्या. मी वर बघितलं आणि जागच्या जागी थिजले. राजा, राणी, आणि त्यांच्या शेजारी कंपनीची बाहुली. अंगावर मामांनी छापलेली वीतभर साडी, बारीक आंब्यांच्या ठशाची.

"मामा, हिला अजून ठेवलीत?"

"तिचा काय दोष अम्मा? ती पाहुणी म्हणून आली. आणि तिच्या कंपनीचं कापड बघितलंत का, नुसतं चिकटवलेलं. म्हटलं, बरी नेसवू."

"आणि ठकीअक्का कुठंय?"

मामांनी दाराकडे बघितलं. खरोखर घाबरून बघितलं. "हळू म्हणा," ते म्हणाले. "निवाडा आहे ना. नाव वापरायचं नाही म्हणून. शेजारच्यांना पण सांगितलंय मी, नाव घेऊ नका, उगाच लफडं नको. पेटीत ठेवलीय तिला. बसवली तर येणारे विचारणार, ही कोण? रीतीनं नाव सांगायला लागणार. नाव तर आपलं नाही राहिलं. खोटं नाव कसं सांगू? मामीची ती."

मला कळायला वेळ लागला. या माणसानं निवाडा घरात आणला होता. इंटरनेटवरचा एक पत्ता गेला, आणि त्यानं आपल्या दिवाणखान्यातली हाक बंद केली होती. इतके महिने, स्वतःच्या घरात, एकटा असताना सुद्धा. लवादानं जे मागितलं नव्हतं, कुठल्याही कायद्याला जे घेता येत नाही, तेही मामांनी देऊन टाकलं होतं, आणि मला न सांगता.

"मामा, नीट ऐका," मी म्हटलं. "तो निवाडा फक्त कॉम्प्युटरवरच्या पत्त्यापुरता आहे. घरातलं नाव कुणी घेतलेलं नाही. कुणाला घेता येत नाही."

"हौदा? खरं?"

"हौदु मामा. खरंच."

"पक्कं?"

"पक्कं. वकील म्हणून सांगते."

मामा आत गेले. पेटीचं झाकण वाजलं. मामीच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली ठकीअक्का दोन्ही हातांवर घेऊन ते बाहेर आले. तुकडा सोडला तर आत तिनं यंदाची साडी नेसलेली होती. तीच आंब्यांची. छापली होती, नेसवली होती, आणि पेटीत ठेवली होती. बायका वळून बघायला लागल्या.

"हाक मारा मामा," मी म्हटलं.

"तुम्हीच मारा आधी," ते म्हणाले. "कायदा तुम्हाला ठाऊक."

मी कधी कोर्टात आवाज चढवला नाही. चढवायला समोर कुणी नव्हतंच. त्या दिवशी मी घोडदळातल्या पूर्वजांचा सगळा आवाज काढला.

"ठकीअक्का," मी म्हटलं, "ये. वर येऊन बैस."

बाहेर सायकलवरून चाललेला फुलवाला थांबून आत डोकावला. मामांनी पाहुण्या बाहुलीला हलकेच जराशी बाजूला सरकवलं आणि ठकीअक्काला तिच्या जागेवर बसवलं. मग फुलवाल्याकडे वळून म्हणाले, "ये की आत. ही आमची ठकीअक्का."